किम युनाची लुत्झ आणि कोरियाचा अभिमान

दक्षिण कोरियाला हिवाळी ऑलिंपिकमधलं सुवर्ण नवं नव्हतं. १९९२ पासून २००६ पर्यंत त्यांनी प्रत्येक खेपेला सुवर्णं मिळवली आणि ती सगळी एकाच खेळात, शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमध्ये. चुन ली-ग्योंग या एकटीच्या नावावर चार ऑलिंपिक सुवर्णं आहेत. तरीही देशाच्या अभिमानाचा चेहरा ठरली ती किम युना. तिच्या खात्यात एक ऑलिंपिक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन जागतिक विजेतेपदं आहेत. हे असं का झालं याचं उत्तर लोक तिच्या सौंदर्यात, जाहिरातींत किंवा जपानशी असलेल्या जुन्या वैरात शोधतात. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. उरलेलं उत्तर बर्फावर आहे आणि ते मोजून दाखवता येतं.

शॉर्ट ट्रॅकमध्ये जो रेषा आधी ओलांडेल तो जिंकतो. फिगर स्केटिंगमध्ये नऊ परकी माणसं टेबलामागे बसून गुण देतात. या खेळाची घडण युरोप-अमेरिकेत झाली. आशियातून आधी जपान आणि चीन पोचले: १९९२ मध्ये मिदोरी इतोला रौप्य, १९९४ आणि १९९८ मध्ये चेन लूला कांस्य, २००६ मध्ये शिझुका अराकावाला सुवर्ण. कोरियाची पाटी कोरी होती. देशात फिगर स्केटिंगसाठी राखीव बर्फ नव्हता. सेऊलमधलं तेरुंग, शेजारचं ग्वाचॉन, लोट्टे वर्ल्डच्या मनोरंजन केंद्रातलं मैदान, जिथे वेळ मिळेल तिथे सराव. दिवसा तिकीट काढून आलेली गर्दी आणि हॉकी-स्पीड स्केटिंगवाले, त्यामुळे स्पर्धकांच्या वाट्याला रात्री उशिराचे किंवा भल्या पहाटेचे तास यायचे. शिवाय सार्वजनिक बर्फ फिगर स्केटिंगला हवा त्यापेक्षा कडक ठेवलेला असतो. कडक बर्फात टो पिक, म्हणजे पात्याच्या टोकाचे दाते, नीट रुतत नाहीत आणि उतरताना धक्का थेट घोट्याला, गुडघ्याला, कमरेला बसतो. युनाच्या कंबरदुखीचं आणि नितंबाच्या सांध्याच्या दुखण्याचं मूळ कुणी एकाच गोष्टीत दाखवू शकणार नाही, पण अशा बर्फावर वाढल्याची किंमत शरीर चुकवतंच.

तिचा जन्म ५ सप्टेंबर १९९०चा, बुचॉनचा, आणि ती वाढली ग्योंगी प्रांतातल्या गुन्पोमध्ये. बाराव्या वर्षी ती कोरियाची राष्ट्रीय विजेती होती. २००६ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे ती ज्युनियर जगज्जेती झाली. कोरियासाठी हे पहिलंच. त्याच वर्षी वरिष्ठ गटात आल्या आल्या तिने ग्रां प्री फायनल, म्हणजे मोसमभराच्या मालिकेची अंतिम स्पर्धा, जिंकली. २००७ पासून टोरोंटोच्या क्रिकेट क्लबमध्ये ब्रायन ऑर्सर तिचे प्रशिक्षक झाले, नृत्यरचना डेव्हिड विल्सनची. तपशील यापुढे बरेच देता येतील, पण महत्त्वाची आहे ती एक उडी.

ती म्हणजे ट्रिपल लुत्झ आणि तिला जोडून ट्रिपल टो लूप. युना घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे लुत्झसाठी ती डाव्या पायावर मागे सरकत येते, तीही पात्याच्या बाहेरच्या धारेवर. पातं साधारण चार मिलिमीटर रुंद असतं. त्याला मधोमध खोबण आणि दोन्ही बाजूंना धारा असतात. बाहेरच्या धारेवर असताना शरीर ज्या दिशेने वळण घेत असतं, त्याच्या विरुद्ध दिशेने हवेत फिरायचं असतं. उजव्या पायाचा टो पिक मागे बर्फात रोवून झेप घ्यायची, तीन फेऱ्या घ्यायच्या आणि उजव्या पायाच्या मागच्या बाहेरच्या धारेवर उतरायचं. सगळं मिळून हवेत पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ.

बहुतेकांचं घोडं अडतं ते विरुद्ध दिशेच्या वळणावर. शरीराला सोपी वाट हवी असते. टो पिक रोवायच्या क्षणी डावा घोटा आत कलंडतो, पातं बाहेरच्या धारेवरून आतल्या धारेवर येतं आणि लुत्झची फ्लिप होऊन बसते. स्केटिंगवाले तिला फ्लुत्झ म्हणतात. लहानपणी ही खोड लागली की पुढे ती मोडणं अतिशय अवघड जातं. युनाची मुख्य प्रतिस्पर्धी, जपानची माओ असादा, हिलाही या उडीने बराच त्रास दिला. युनाची लुत्झ मात्र शेवटपर्यंत बाहेरच्या धारेवर राहायची. ती लांबून, जवळजवळ पूर्ण वेगात मैदान ओलांडत यायची, आणि डावा घोटा बाहेर झुकलेला पाहायला चित्रफीत सावकाश चालवायचीही गरज पडत नाही.

जोडउडीत खरी परीक्षा पहिल्या उडीच्या उतरण्यात असते. टो लूप सुरू होते उजव्या पायाच्या त्याच मागच्या बाहेरच्या धारेवरून, म्हणजे लुत्झ उतरल्यावर वेग शिल्लक हवा, कंबर सरळ हवी आणि फेरी पूर्ण झालेली हवी. पहिल्या उडीत वेग गेला तर दुसरी जागच्या जागी मारावी लागते. मग ती तीन फेऱ्यांची दोन फेऱ्यांवर येते किंवा अर्धवट फिरून उतरते. त्या काळच्या नियमात याची शिक्षा कडक होती: पाव फेरीहून जास्त कमी पडली की उडी एक पायरी खाली मोजायची. ट्रिपल टो लूपचे मूळ गुण ४.०, डबलचे १.३. एवढ्याशा चुकीत २.७ गुण गेले, वर दर्जाचे गुण वजा होणार ते वेगळेच. २०१०-११ पासून मधली पायरी आली, पाव ते अर्धी फेरी कमी असेल तर ७० टक्के गुण. पण २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला ती सवलत नव्हती.

असादाचं अस्त्र होतं ट्रिपल अॅक्सेल, साडेतीन फेऱ्यांची उडी. बायकांमध्ये ती मारणाऱ्या तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिचे मूळ गुण ८.२. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या फेरीत, असादा तिला डबल टो लूप जोडायची, म्हणजे ८.२ अधिक १.३, एकूण ९.५. युनाच्या ट्रिपल लुत्झचे ६.० आणि ट्रिपल टो लूपचे ४.०, एकूण १०.०. म्हणजे जगाने जिला अवघड म्हणून डोक्यावर घेतलं त्या उडीपेक्षा युनाच्या जोडउडीची कागदावरची किंमतच अर्ध्या गुणाने जास्त होती. त्यावर परीक्षक तेव्हा उणे तीन ते अधिक तीन असा दर्जा द्यायचे. वेग, उंची, हवेत कापलेलं अंतर, उतरल्यावरचा सलग प्रवाह, या सगळ्यावर युनाला अधिक दोनच्या आसपास मिळायचं आणि त्या वेळच्या तक्त्यात या उड्यांसाठी अधिक दोनचा अर्थ सरळ दोन गुण होता. जोडउडी १२ गुणांवर जायची. ‘युनाला सादरीकरणाचे गुण मिळाले, असादाने खेळ दाखवला’ असं म्हणणाऱ्यांनी हा तक्ता एकदा उघडून पाहावा.

२५ फेब्रुवारी २०१०ची संध्याकाळ, व्हँकुव्हर. सेऊलमध्ये २६ तारखेची, शुक्रवारची दुपार. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये युनाचे ७८.५० आणि असादाचे ७३.७८. फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब फेरीत, युना असादाच्या लगेच आधी उतरली. सुरुवातीलाच लुत्झ-टो लूप, मग फ्लिप, मग डबल अॅक्सेलने सुरू होणारी तीन उड्यांची माळ. त्या वेळी उत्तरार्धात मारलेल्या उडीला दहा टक्के वाढीव गुण मिळायचे, म्हणून पाय थकलेले असताना एक लुत्झ तिथे राखून ठेवली होती: सहाचे ६.६. तांत्रिक ७८.३०, सादरीकरण ७१.७६, मिळून १५०.०६. एकूण २२८.५६, तेव्हाचा विश्वविक्रम. असादाने फ्री स्केटिंगमध्ये दोन ट्रिपल अॅक्सेल यशस्वी केल्या, एकाच ऑलिंपिकमध्ये तीन, हा पराक्रम कमी लेखायचा नाही. पण पुढे टो लूपला तिचा पाय अडखळला आणि ती उडी एका फेरीवर आली. तिचे २०५.५० झाले. अंतर २३.०६ गुणांचं. कांस्य कॅनडाच्या जोआनी रोशेतला, तेही आईच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत.

हे अंतर कोरियन माणसासाठी काय होतं ते समजायला १९३६ पर्यंत मागे जावं लागतं. ९ ऑगस्ट १९३६ला बर्लिनमध्ये सोन की-जंगने मॅरेथॉन जिंकली आणि तिसरा आला नाम सुंग-योंग. दोघेही कोरियन, पण देश जपानच्या ताब्यात. सोनच्या छातीवर जपानचा झेंडा, नोंदीत जपानी उच्चाराचं नाव, पदक देताना जपानचं राष्ट्रगीत. हातातल्या रोपट्याने त्याने तो झेंडा झाकला. ‘दोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्राने छायाचित्रातून झेंडा पुसून टाकला, तर जपानी राजवटीने पत्रकारांना तुरुंगात टाकलं आणि वृत्तपत्राचं प्रकाशन थांबवलं. १९९२ मध्ये, पुन्हा ९ ऑगस्टलाच, ह्वांग योंग-जोने बार्सिलोनात मॅरेथॉन जिंकली आणि दुसरा आला जपानचा धावपटू. १९९८ मध्ये देश कर्जाच्या संकटात बुडालेला असताना पाक से-रीने पाण्यात अनवाणी उतरून चेंडू मारला आणि अमेरिकेची महिला ओपन गोल्फ स्पर्धा जिंकली. या साखळीत युना येते. २०१० हे जपानने कोरिया गिळंकृत केल्याचं शंभरावं वर्ष होतं. पदकमंचावर मधल्या पायरीवर कोरियन, खालच्या पायरीवर जपानी आणि वाजतंय कोरियाचं राष्ट्रगीत. शिवाय निकाल दुसऱ्यांनी दिलेला, म्हणजे घरच्यांनी पाठ थोपटल्याचा आरोप करायला जागा नाही.

मला यात असादावर अन्याय झाल्यासारखं वाटतं, ते इथेच नोंदवते. दोघींचा जन्म एकाच महिन्यातला, वीस दिवसांच्या अंतराने. दोघींनी एकमेकींना वर खेचलं. असादा नसती तर लुत्झ-टो लूपला सुरुवातीला ठेवण्याचा धोका युनाने घेतला असता का, शंका आहे.

अभिमानाचं ओझं तिला आधीपासून जड जात होतं. डिसेंबर २००८ मध्ये ग्रां प्री फायनल सेऊलजवळच्या गोयांगला झाली. मायदेशातलं मैदान, खचाखच भरलेलं, सरावालाही किंकाळ्या. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर ती पुढे होती, तरी असादाने १८८.५५ विरुद्ध १८६.३५ अशी बाजी मारली. त्याच मोसमात चीनमधल्या स्पर्धेत तिच्या फ्लिपवर धारेची चूक लावली गेली. फ्लिप आतल्या धारेवरून मारायची असते आणि जिची लुत्झ इतकी बाहेर झुकते तिची फ्लिप कधी कधी सपाट किंवा बाहेरच्या बाजूला जाते. ही उलट खोड. त्यानंतरच्या मोसमात तिने सुरुवातीची जोडउडी फ्लिपवरून लुत्झवर नेली. मधल्या काळात, मार्च २००९ मध्ये, लॉस एंजेलिसला ती पहिल्यांदा जगज्जेती झाली, २०७.७१ गुणांनी. दोनशेच्या पुढे जाणारी पहिली महिला.

ट्रिपल लूप ही तिची दुखरी बाजू होती आणि पुढे तिने ती उडी सोडूनच दिली. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये हे महागात पडलं, त्याकडे वळण्याआधी डर्बन.

कोरियातल्या प्योंगचांगने हिवाळी ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी दोनदा बोली लावली होती. २०१०चा मान व्हँकुव्हरला ५६ विरुद्ध ५३ मतांनी गेला, २०१४चा सोचीला ५१ विरुद्ध ४७ मतांनी. तिसऱ्या वेळी, ६ जुलै २०११ला, दक्षिण आफ्रिकेत डर्बनला जे शिष्टमंडळ बोललं त्यात वीस वर्षांची युना होती. पहिल्याच फेरीत प्योंगचांग ६३, म्युनिक २५, आन्सी ७. त्याच वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत तिच्या फ्री स्केटिंगच्या संगीतात ‘आरिरांग’ हे कोरियाचं लोकगीत होतं. तिला रौप्य मिळालं. ती स्पर्धा मुळात टोकियोला व्हायची होती, भूकंप आणि त्सुनामीमुळे हलवली गेली. युनाने बक्षिसाची रक्कम जपानमधल्या मुलांसाठी दिली. वैराच्या गोष्टी रंगवणारे हे सांगायला बहुधा विसरतात.

माझ्या मते तिच्या देशसेवेचा सगळ्यात ठोस पुरावा २०१३चा आहे आणि तोही नियमांच्या पुस्तकातला. ऑलिंपिकमध्ये एखाद्या देशाला किती जागा मिळणार हे आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतल्या क्रमांकावर ठरतं. त्या वेळच्या नियमात, देशाची एकच खेळाडू उतरली असेल तर ती पहिली किंवा दुसरी आली तरच तीन जागा. तिसरी ते दहावी आली तर दोन. त्याखाली एक. युना दीड वर्षाहून जास्त काळ स्पर्धेबाहेर होती आणि कोरियाकडे एकच प्रवेशिका होती. परत यायचं तर किमान तांत्रिक गुणांची अट पूर्ण करायची होती. म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडची एक छोटी स्पर्धा खेळली, तिथे २०१.६१. मग राष्ट्रीय स्पर्धा. मग मार्चमध्ये कॅनडातलं लंडन. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये फ्लिपवर पुन्हा धारेची चूक लागली, ६९.९७. फ्री स्केटिंगमध्ये १४८.३४. एकूण २१८.३१ आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या इटलीच्या कॅरोलिना कोस्टनरपेक्षा वीस गुण जास्त. तीन जागा मिळाल्या आणि पार्क सो-यॉन, किम हे-जिन या दोन शाळकरी मुली तिच्याबरोबर सोचीला गेल्या.

सोची, २०१४. त्या मोसमाच्या सुरुवातीला उजव्या पायाच्या पंज्याच्या हाडाला दुखापत, म्हणजे ज्या पायावर प्रत्येक उडी उतरते तोच पाय. ग्रां प्रीच्या स्पर्धा बुडाल्या. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ७४.९२, रशियाच्या आदेलिना सोत्निकोव्हाचे ७४.६४. फ्री स्केटिंगमध्ये युना शेवटची उतरली, कुठेही न अडखळता १४४.१९, एकूण २१९.११. सोत्निकोव्हाचे फ्री स्केटिंगचे १४९.९५, एकूण २२४.५९. कोरिया पेटून उठला. ऑनलाइन याचिकेवर लाखो सह्या झाल्या, कोरियाच्या क्रीडा संघटनांनी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाकडे तक्रार केली आणि ती फेटाळली गेली.

या वादात दोन्ही बाजू आकडे अर्धवट वापरतात. सोत्निकोव्हाच्या फ्री स्केटिंगमध्ये सात ट्रिपल होत्या, युनाच्या सहा. ट्रिपल लूप सोडून दिल्याचा तोटा इथे दिसला. मूळ गुणांत रशियन मुलगी पुढे होती यात वाद नाही. प्रश्न उरतो तो दर्जाच्या आणि सादरीकरणाच्या गुणांचा. तीन उड्यांच्या जोडीत सोत्निकोव्हाचा तोल स्पष्ट गेला होता, तरी तिचे फ्री स्केटिंगचे गुण युनाच्या व्हँकुव्हरमधल्या फ्री स्केटिंगच्या विक्रमापासून फक्त ०.११ दूर थांबले. आदल्या वर्षापर्यंत सादरीकरणात युनाच्या बरीच मागे असलेली खेळाडू एका रात्रीत तिच्या बरोबरीला आली. परीक्षकांत रशियन संघटनेच्या एका माजी अध्यक्षाची पत्नी होती आणि त्या वेळी कुणी किती गुण दिले हे नावानिशी कळायचं नाही. मला निकाल चुकीचा वाटतो. पण ‘चोरी’ म्हणायला जो पुरावा लागतो तो गुप्त गुणदानामुळे कुणाच्याच हाती येऊ शकत नव्हता, आणि माझा राग त्या पद्धतीवर जास्त आहे. २०१६ मध्ये ती पद्धत रद्द झाली. आता प्रत्येक परीक्षकाचा आकडा नावासकट छापला जातो.

युना स्वतः या वादात पडली नाही. निवृत्त झाली. संपूर्ण कारकिर्दीत, ज्युनियर असो की वरिष्ठ, ती पदकमंचाबाहेर कधी राहिली नाही.

९ फेब्रुवारी २०१८ला प्योंगचांगची ज्योत तिने पेटवली. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त महिला हॉकी संघातल्या दोघी मशाल घेऊन उंच जिना चढल्या, वर छोटासा बर्फ होता, तिथे युना स्केट्स घालून वाट पाहत होती. ज्योतपात्राचा आकार जोसॉन राजवटीतल्या पांढऱ्या, चंद्रासारख्या गोल घटाचा.

तिला पाहून बर्फावर उतरलेल्या पिढीला कोरियात ‘किम युना किड्स’ म्हणतात. चोई दा-बिन २०१८ला सातवी, यू यंग २०२२ला बीजिंगमध्ये पाचवी, तीही ट्रिपल अॅक्सेल मारणारी. २०२३ मध्ये ली हे-इनने जागतिक रौप्य मिळवलं, युनानंतर दहा वर्षांनी कोरियन महिलेला मिळालेलं पहिलं पदक, आणि त्याच स्पर्धेत छा जुन-ह्वानला पुरुषांचं रौप्य मिळालं. त्याचे प्रशिक्षक होते ब्रायन ऑर्सर. २०२४ मध्ये किम चे-यॉनला कांस्य.

व्हँकुव्हरची चित्रफीत पुन्हा पाहणार असाल तर चेहरा आणि हात सोडून द्या, पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त डाव्या बुटाकडे पाहा. टो पिक रोवेपर्यंत तो बाहेरच झुकलेला असेल. मग उतरल्यावर उजव्या पायाने बर्फावर किती लांब रेघ ओढली ते पाहा आणि हेच दुसऱ्या कुठल्याही अंतिम फेरीतल्या जोडउडीशी ताडून बघा. त्यानंतर लगेच येणारी फ्लिपही पाहा. तिथे घोटा जवळजवळ सरळ असतो आणि परीक्षकांनी कधी कधी तिला का पकडलं तेही कळतं.